दोन रात्री, एक गाव: मुंबईहून ट्रिप काढताना आधी तिथी बघा

लालबागला राहतो आम्ही. घरात सासूबाई, नवरा, दोन मुलं, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये दीर-जाऊबाई आणि त्यांची लेक, शिवाय माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींचा चौघींचा वेगळा ग्रुप. या दोन्ही गँगबरोबर वर्षातनं तीन-चारदा तरी दोन रात्रींसाठी किनाऱ्यावर नाहीतर एखाद्या आडगावात जाणं होतंच, आणि ऑफिसात, सोसायटीत सारखं कोणी ना कोणी विचारतं की अगं तुम्हाला जमतं कसं, कुठे उतरता, कसं ठरवता, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आमचा मुख्य नियम एकच, दोन रात्री म्हणजे एकच गाव. शनिवारी अलिबाग, दुपारी काशीद, संध्याकाळी मुरुड, रविवारी दिवेआगर असं सगळं एका ट्रिपमध्ये कोंबायला गेलात ना तर दोन दिवस गाडीतच जातात, मुलं ओकतात, म्हातारी माणसं कंटाळतात, आणि सोमवारी ऑफिसला जाताना आठवतं काय तर माणगावचं ट्रॅफिक. एका गावात थांबलं की त्या गावाचं घड्याळ कळतं, आणि किनाऱ्यावरच्या गावाचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. हे मला अगदी वाईट पद्धतीने शिकायला मिळालं.

सात-आठ वर्षं झाली असतील. पौर्णिमेचा शनिवार होता, म्हणजे पौर्णिमा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, नंतर कळलं. सकाळी साडेआठला आम्ही गाडी सरळ पुळणीवर घेतली, वाळू ओली आणि टणक होती, बाजूला अजून दोन गाड्या उभ्या होत्या म्हणून काही वाटलं नाही. मुलं शंख वेचत लांब गेली, आम्ही त्यांच्या मागे. सव्वादहाला परत येतोय तर पाणी मागच्या टायरला लागलेलं. नवऱ्याने गाडी चालू करून जोर दिला तसं चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं आणि दर वेळी अजून चार बोटं खाली जायला लागलं. पायाखालची मॅट काढून टायरखाली घातली, ती पण वाळूत गेली. शेवटी गावातली पोरं धावत आली, ट्रॅक्टर आणला, दोराने ओढून काढली तोवर पाणी दारापर्यंत आलेलं. सासूबाई वर बांधावर बसून रामरक्षा म्हणत होत्या.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. संध्याकाळी अंगणात बसलो होतो तेव्हा शांतपणे म्हणाले, "पुनव होती, बाराला पाणी भरणारच. तिथी बघून यायचं ना पोरी." आणि मग त्यांनी मला पाऊणपटीचा हिशोब शिकवला, जो आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी लोकांना लहानपणापासून पाठ असतो आणि आपण मुंबईत समुद्राच्या काठी जन्म काढून पण आपल्याला माहीत नसतो.

हिशोब असा. कालनिर्णय उघडायचं, त्या दिवशीची तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येतो ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि पहाटे पण तीनच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवा, नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. द्वादशीला नऊला भरती, तीनला ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे हा हिशोब ट्रिपची तारीख ठरवायला वापरायचा आणि प्रत्यक्ष पाण्यात पाय घालायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचंच. रोज भरती साधारण पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून ही पाऊणपट, इतकं साधं आहे.

अजून एक गोष्ट आजोबांनी सांगितली. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी वर पण खूप चढतं आणि ओहोटीला आत पण खूप जातं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत पण नाही. हे लक्षात घेतलं की अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचं कोडं सुटतं. हा किल्ला १६८० साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला, आणि ओहोटीला किनाऱ्यावरनं चालत जाता येतं. पण कित्येक लोक जातात आणि गुडघाभर पाणी बघून परत येतात, किंवा घोडागाडीत बसतात. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी बाराला, डोक्यावर ऊन आणि पाणी पुरतं हटलेलं नाही. त्यापेक्षा द्वितीया, तृतीया बघा. तृतीयेला ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास, उधाण नुकतंच होऊन गेलेलं असतं त्यामुळे पाणी चांगलं आत गेलेलं, ऊन कोवळं. ओहोटीच्या तासभर आधी निघायचं, आत सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं, भर समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे ती मुलांना दाखवायची, आणि ओहोटी उलटून तास व्हायच्या आत बाहेर. पाणी समोरनं येताना दिसतं असं समजू नका, ते बाजूने येतं आणि मधली वाट आधी भरते.

हरिहरेश्वरला तर हे जास्तच महत्त्वाचं. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राकाठाने प्रदक्षिणा आहे, जागा इतकी सुंदर आहे की माणूस भान विसरतो, आणि तिथे लाटेने ओढून माणसं गेलेली आहेत. भरतीला तिथे उतरायचं नाही. पुजारी किंवा दुकानवाला "आत्ता नको" म्हणाला की नको.

चतुर्थीचा एक घोळ असतो. कृष्ण चतुर्थी म्हणजे संकष्टी, आमच्याकडे तिघांचा उपास, आणि माशाच्या गावाला जाऊन दिवसभर साबुदाण्याची खिचडी खायची म्हणजे जिवावर येतं. म्हणून तारीख टाकताना मी ग्रुपवर एकच मेसेज करते, कोण कुठल्या वारी खात नाही ते आधी सांगा. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळं बाहेर पडतं. शनिवार न खाणारे निघाले तर शुक्रवारी सकाळीच निघायचं किंवा रविवार-सोमवार करायचं. उलट संकष्टीच अंगावर आली तर दिवेआगरला जा, तिथल्या खाणावळींचे उकडीचे मोदक प्रसिद्ध आहेत, आदल्या दिवशी माणशी किती ते सांगून ठेवायचे आणि चंद्रोदयाला नारळाच्या वाडीत बसून गरम मोदकावर तुपाची धार. सासूबाई अजून त्या संकष्टीची आठवण काढतात.

आता जायचं कसं ते.

अलिबागच्या बाजूला जायचं असेल आणि पावसाळा नसेल तर गाडी घरी ठेवा. गेटवेवरून मांडव्याला लाँच किंवा कॅटमरान, साधारण तासाभराचा प्रवास, काही लाँचच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तिकीट काढताना विचारून घ्या. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, २०२० पासून चालू आहे, गाडी खालच्या डेकवर लावायची आणि आपण वर. आम्हा लालबागकरांना तर धक्का हाकेच्या अंतरावर. शनिवार-रविवारची गाडीची जागा आधी बुक करावी लागते, ऐनवेळी गेलात तर माणसांना तिकीट मिळेल आणि गाडी धक्क्यावर राहील. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रो मोठी असल्यामुळे शक्यतो चालते पण हवामान बिघडलं तर फेरी रद्द होते, तेव्हा दुसरा रस्ता डोक्यात ठेवूनच निघा.

नवी मुंबईकडच्यांसाठी आणि हात राखून खर्च करणाऱ्यांसाठी एक छान रस्ता आहे. नेरुळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल, जानेवारी २०२४ पासून ती उरणपर्यंत जाते, तिथून रिक्षाने करंजा, करंज्याहून तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडून रेवस, रेवसहून एसटी किंवा रिक्षा. मैत्रिणींबरोबर मी असंच जाते. सामान पाठीवर मावेल एवढंच घ्यायचं कारण तरीत चढताना दोन्ही हात मोकळे लागतात.

एसटीला कमी लेखू नका. बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ ला अर्धं, ७५ च्या पुढे फुकट, आधार कार्ड जवळ ठेवायचं. आम्ही चौघी लाल परीने गेलो की जायचा-यायचा खर्च एका पिझ्झ्याएवढा येतो. आणि ज्यांना जास्त फिरायचंय त्यांच्यासाठी एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा.

गाडीने जाणाऱ्यांसाठी, पहाटे साडेचारला घराबाहेर. पाचला नाही, साडेचारला. पनवेल उजाडायच्या आत मागे पडलं पाहिजे, नाहीतर पेण, वडखळ, आणि पुढे जाणाऱ्यांना इंदापूर, माणगाव, या प्रत्येक ठिकाणी तुम्ही अडकणार, लाँग वीकेंडला तर नक्कीच. शिवडीहून अटल सेतूने गेलं की शहरातला आणि वाशीचा सगळा भाग वाचतो, टोल जास्त आहे पण पहाटेचा तो जवळपास बावीस किलोमीटरचा रस्ता मोकळा मिळतो. बाइकला तिथे परवानगी नाही. सीएनजी मुंबईत किंवा पनवेलला फुल करून घ्या, पुढे रांगा मोठ्या असतात.

दक्षिणेकडे जायचं असेल तर नकाशात एक गोष्ट बघा, खाड्या. गाडीसकट खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी आहेत, त्यांनी तासन् तास वाचतात. आगरदांडा ते दिघी राजपुरीच्या खाडीवर, बागमांडला ते वेशवी बाणकोटच्या खाडीवर, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीवर, तवसाळ ते जयगड शास्त्रीच्या मुखाशी. मुलांना गाडीत बसल्या बसल्या बोटीत जायची एवढी गंमत वाटते की ट्रिपमधलं तेच त्यांना जास्त आठवतं. शेवटची फेरी किती वाजता आहे ते आधी फोन करून विचारा, ती चुकली तर पुन्हा सगळा वळसा.

गाव कुठलं निवडायचं हे बरोबर कोण आहे त्यावर. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा हा पट्टा, अलिबागहून जवळ, वाडीतली घरं, नारळ-सुपारीची सावली, औषधाचं दुकान आणि डॉक्टर हाताशी. चौलला रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी आहे, तिथे संध्याकाळी नुसतं बसायचं. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई, डोंगरावरचा किल्ला, पायथ्याचं गाव, आणि त्या गावातले ख्रिस्ती लोक अजूनही घरात पोर्तुगीजवरून आलेली स्वतःची वेगळी भाषा बोलतात. आम्ही एकदा तिथे पाणी प्यायला थांबलो तर दोन म्हाताऱ्या ओट्यावर बसून बोलत होत्या, माझी मुलगी कान देऊन ऐकत राहिली आणि तिने विचारलं, आई ही कोकणी आहे का?

वेस्टर्न लाइनवाल्यांनी उगाच पनवेल गाठू नये. विरार-डहाणू लोकलने केळवे रोडला उतरा, टमटमने केळव्याचा किनारा, सुरूची बनं, शितलादेवीचं देऊळ. किंवा सरळ डहाणू, पुढे घोलवड-बोर्डी, चिकूच्या वाड्या, घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी दिसेनासं होतं, त्यामुळे तिथे पोहायला म्हणून जाऊ नका, चालायला जा. आणि किनाऱ्याला पाठ फिरवून आत गेलात की वारल्यांचे पाडे. भिंतीवरची तांदळाच्या पिठाची चित्रं कागदावर आणून जगभर पोचवणारे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, ते याच डहाणू तालुक्यातले. चित्र घ्यायचं तर काढणाऱ्याच्या हातून घ्या आणि घासाघीस करू नका.

दिवेआगर-श्रीवर्धनला निदान दोन पूर्ण रात्री हव्यात, मुंबईहून साधारण १७० किमी. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता आहे, तो सकाळी करायचा, आणि गाडी चालवणाऱ्याने समुद्र बघायला थांबायचं, चालवता चालवता बघायचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमलं तर वेळास. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. गावातल्याच घरांत राहायचं, साधं जेवण. घरटी कधी उघडतील ते आपल्या सुट्टीवर नसतं, त्यामुळे निघायच्या आधी गावात फोन करून विचारा. आम्ही पहिल्या वेळी गेलो तेव्हा एकही पिल्लू निघालं नाही. दुसऱ्या वेळी तेरा निघाली, टोपलीखालून काढून वाळूवर ठेवली तशी एकेक जण डुलत डुलत पाण्याकडे निघालं, माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, श्वास रोखून बघत होता, आणि शेवटचं पाण्यात जाईपर्यंत त्याने कोणाला बोलू दिलं नाही.

राहायचं ठिकाण फोनवर बोलूनच ठरवा. एकदा आम्ही फक्त फोटो बघून पूर्ण अ‍ॅडव्हान्स भरला, रात्री अकराला पोचलो तर खोल्या दुसऱ्याच, गल्लीच्या टोकाला, पंखा एक, आणि पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी मालकिणीशी बोलते, मालकाशी नाही, कारण खरी माहिती तिच्याकडे असते. विचारायचं ते एवढं: खोली तळमजल्याला आहे का, कमोड आहे का, गरम पाणी कितीपर्यंत मिळतं, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, जेवण घरातच बनतं का, किनारा चालत किती मिनिटांवर. आणि व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा, चांगली माणसं आनंदाने दाखवतात. अ‍ॅडव्हान्स अर्ध्याच्या वर देऊ नका.

जेवणाचं कोकणात आधी सांगावं लागतं, हे मुंबईकरांच्या लक्षातच येत नाही. दुपारी एकला जाऊन मेनू कार्ड मागितलं तर काकू काय करणार? मासे सकाळी येतात, त्यामुळे आदल्या रात्री सांगायचं किती माणसं, किती शाकाहारी, आणि सुरमईचा हट्ट धरायचा नाही. "तुमच्याकडे उद्या जे ताजं येईल ते करा" एवढं म्हणा आणि बघा, बोंबील येतील, मांदेली येतील, तिसऱ्या येतील, बरोबर तांदळाची भाकरी आणि सोलकढी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताट मागितलंत तर बर्फातलं मिळणार, त्यापेक्षा सुकट, जवळा, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी मागा. शाकाहारी माणसाला कोकणात नुसती बटाट्याची भाजी खावी लागते हा गैरसमज आहे, न सांगता गेल्यामुळे होतो तो.

डिसेंबर ते फेब्रुवारीत रायगडला जात असाल तर पोपटी चुकवू नका, माझ्या मते थंडीत कोकणात जायचं हेच मोठं कारण. मालकिणीला दोन दिवस आधी सांगायचं. मातीचं मडकं घेतात, तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मग बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला भांबुर्डी ठासून भरायची. पाण्याचा थेंब घालत नाहीत. मडकं शेतात उलटं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या, आणि आग लावायची. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात, चर्र झालं की तयार. शाकाहारी लोकांचं मडकं वेगळं लावायला सांगा, सहज लावतात. मग पेपरवर ओतायचं आणि सगळ्यांनी गोल बसून धुराच्या वासाच्या शेंगा सोलायच्या. जाऊबाई आणि माझं त्या वेळी चार महिने धड बोलणं नव्हतं, शेंगा सोलताना कधी बोलायला लागलो कळलं पण नाही.

पैशाचं आधी बोला, नंतर बोललं की मनं दुखतात. आमच्याकडे कॉन्ट्री काढतो, एकाकडे सगळे पैसे, तोच देणार, बाकी कोणी पाकीट काढायचं नाही. मोठ्याचा एक वाटा, बारा वर्षांपर्यंत अर्धा, पाचच्या आतल्यांचं काही नाही. आम्ही पाच मोठे आणि तीन मुलं, म्हणजे साडेसहा वाटे. मागची ट्रिप १९,५०० ला पडली, वाटा आला ३,०००, आमच्या घराचे चार वाटे १२,०००, दिरांचे अडीच ७,५००. सासूबाईंचा वाटा दोघा भावांनी नंतर आपसात बघितला. ड्रिंक्स घेणाऱ्यांचा खर्च वेगळा, तो कॉन्ट्रीत नाही म्हणजे नाही. रोख तीन-चार हजार बरोबर ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि तरीवाल्याला सुट्टेच लागतात.

म्हाताऱ्यांची औषधं एका दिवसाची जास्त घ्या, बोट रद्द झाली तर अडचण नको. गुडघे दुखत असतील तर जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाताना विचार करा, होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाय टाकायचा तो क्षण कठीण असतो, होडी हलत असते. सासूबाई वर नाही आल्या, जेट्टीवर बसून कोळणींशी गप्पा मारल्या आणि ओल्या कोळंबीच्या खिचडीची रेसिपी घेऊन आल्या. मुलांना घाटात ओकारी होत असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी, ओकारी झाल्यावर नाही, आणि खिशात आलेपाक.

पावसाळ्यात किनाऱ्यावर पाण्यात उतरायचंच नाही, काशीदला तर इतर वेळीही पाय आतल्या आत ओढले जातात, गुडघ्याच्या वर जाऊ नका. जून ते सप्टेंबर आम्ही समुद्र सोडून जव्हारकडे वळतो. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा लांबून बघायचा, आणि जुलैत भाताची लावणी. शेतकऱ्याकडे उतरलात तर विचारा, चिखलात उतरू देतात, फक्त मूठ कशी धरायची ते नीट शिकून घ्या, आपल्या हौसेपायी त्यांचं रोप मोडायला नको. पहिल्या पावसानंतर शेवळं ही रानभाजी मिळते, त्या भाजीत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालतात नाहीतर घसा खाजतो, त्यामुळे घरी आणून यूट्यूब बघून करण्यापेक्षा तिथेच खा.

आणि मनापासून सांगते, वाडीत आपण कोणाच्या तरी घरी असतो. रात्री दहानंतर स्पीकर नको. वाळत घातलेल्या बोंबलांजवळ उभं राहून नाक धरायचं नाही, ते त्यांचं वर्षाचं पोट आहे. पडलेली सुपारीसुद्धा विचारून उचला, श्रीवर्धनी रोठा म्हणतात ती, तिला मोल आहे. कचऱ्याची पिशवी गाडीत ठेवा आणि मुंबईला आणा, गावात घंटागाडी रोज येतेच असं नाही. शंखात जीव असेल तर मुलांना तो परत पाण्यात ठेवायला लावा.

परत निघताना रविवारी एक तर दुपारी बाराच्या आत निघा नाहीतर जेवून, झोपून, रात्री आठनंतर. चार ते आठमध्ये सगळी मुंबई वडखळच्या अलीकडे उभी असते. वाटेत अलिबागचा पांढरा कांदा माळेनेच घ्या, सुटा घेऊ नका, माळ घरी वाऱ्याला टांगली की बरेच दिवस टिकते. पेणचे पोह्याचे पापड घ्या. सुका जवळा घेतलात तर उन्हात कडकडीत वाळलेला आहे ना ते हाताने चुरून बघा, मग पेपरात गुंडाळून दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर एक कापडी, आणि एसी गाडीत आत ठेवू नका, डिकीत ठेवा. घरी आल्या आल्या आधी तो काचेच्या बरणीत भरायचा, मग बाकीचं सामान.